झाडूगाडीतले महापौर

४ फेब्रुवारी

मावशी,

मी मजेत आहे. तूही असशील. आई म्हणाली मावशीला पत्र लिही, म्हणून लिहिते.

मी सध्या शिबिराला आले आहे. व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर आहे. इथे सकाळी लवकर उठवतात, रांगेत उभं करतात, हजेरी घेतात. मग आंघोळ झाली की पुन्हा रांगेत उभं करतात आणि पुन्हा हजेरी घेतात. त्याने व्यक्तिमत्त्व विकसित होतं. खिडक्यांना गज आहेत, पण ते मांजरं आत येऊ नयेत म्हणून. फोन देत नाहीत, कारण पत्रलेखन हाही विकासाचाच भाग आहे.

शिबिर कधी संपणार हे अजून ठरलेलं नाही. ते मंडळ ठरवणार आहे.

बाबांना सध्या सुट्टी आहे. आईचं शिवणकाम जोरात चालू आहे. 'काळजी करण्यासारखं काही नाही' असं लिही, असं आई म्हणाली. म्हणून लिहिलं.

तुझी भाची,
टिंगू

•

९ फेब्रुवारी

टिंगू,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. मांजरांच्या गजांवर इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने घाबरून पाण्याचा ग्लास आणून दिला. मग मी पाकीट उलटून पत्ता पाहिला, आणि तो ग्लास मला खरोखरच लागला.

अगं बाई, तुझी मावशी सत्र न्यायालयात टाइपिस्ट आहे हे तू विसरलीस का? तो पत्ता मी इतक्या वेळा टाइप केलाय की डोळे मिटूनही बोटं बरोबर पडतील. ते मुलींचं निरीक्षणगृह आहे. पाकिटावर 'तपासून पाठवले' असा जांभळा शिक्का आहे. कुठल्या शिबिरात शिक्का मारतात गं?

लगेच तुझ्या आईला फोन लावला. म्हटलं, "टिंगू कुठे आहे?"

"शिबिराला."

"कसल्या?"

"पोहण्याच्या."

तू लिहितेस व्यक्तिमत्त्व विकास, ती म्हणते पोहणं. निदान खोटं बोलायच्या आधी मायलेकींनी एकदा समोरासमोर बसून ठरवावं! आमच्याकडे असे साक्षीदार चहा थंड व्हायच्या आत उघडे पडतात. मी एवढंच म्हटलं की, "अगं, तिच्या शिबिराचा पत्ता मला पाठ आहे," तर ताई हमसून रडायला लागली आणि फोन ठेवून दिला. पुन्हा उचलतच नाही.

आणि तुझ्या बाबांना सुट्टी कसली? महापालिकेच्या ड्रायव्हरला ऐन फेब्रुवारीत कोण सुट्टी देतं?

काय केलंस ते लिही. सगळं लिही. चोरी असेल तर चोरी लिही. मी तुझी मावशी आहे. आधी मावशी आणि मग कोर्टाची नोकर.

तुझी मावशी

•

१४ फेब्रुवारी

मावशी,

सांगते. पण पत्रातून ओरडू नकोस, कारण पत्रं आधी आमच्या अधीक्षकबाई वाचतात आणि तो ओरडा त्यांना बसेल.

आमच्या महापालिकेने नवी झाडूगाडी घेतली. खाली गरगर फिरणारे दोन ब्रश, पुढे पाण्याचा फवारा, आणि पोटात सगळा कचरा ओढून घेते. बाबांना तिच्यावर ड्रायव्हर म्हणून नेमलं. उद्घाटनाला मोठा मंच, लाल गालिचा, खुर्च्या, फोटोवाले. बाबांनी मला पुढची काच पुसायला वर बसवलं आणि ते फीत बांधायला खाली गेले. तेवढ्यात फोटो काढून घ्यायला महापौर आले. त्यांना दार सापडेना. आधी त्यांनी मागचं कचऱ्याचं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं, मग पलीकडच्या दाराने चढून माझ्या शेजारी बसले. आणि मला म्हणाले, "बाळ, उतर हं खाली. हे खेळणं नाही. मोठ्या माणसांचं काम आहे."

बाळ! मावशी, मला सोळा पूर्ण झाली आहेत. मी बाबांपेक्षा बोटभर उंच आहे. आणि ज्या माणसाला गाडीचं दार आणि कचऱ्याचं तोंड यातला फरक कळत नाही, तो मला सांगणार?

मी नुसती किल्ली फिरवली. दाखवायला. मग एक दांडा ओढला, तोही दाखवायलाच. मग गाडी निघाली.

पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. फवारा सुरू झाला आणि पहिली रांग भिजली. त्यात नगरसेवक होते. ब्रशांनी लाल गालिचा पकडला आणि गाडीने तो हळूहळू सगळा गिळला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यावर उभे असलेले उपमहापौर आमच्याकडे सरकत आले, पण त्यांनी वेळेवर उडी मारली. ब्रेक दाबला तर तो दगडासारखा घट्ट. म्हणून मी गाडी रस्त्यावर घेतली, कारण मंचावर माणसं होती आणि रस्ता मोकळा होता. तिचा वेग कसा आहे सांगू? काठी टेकत चाललेले एक आजोबा आम्हाला मागे टाकून पुढे गेले आणि आम्ही पोचेपर्यंत वळून बघत उभे राहिले. लोकांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. टाळ्या वाजवत होते. महापौर खिडकीतून हात हलवत होते. मला वाटलं, लोकांना नमस्कार करताहेत. सरकारी वकील म्हणतात, ते मदत मागत होते. शेवटी मी महापालिकेच्याच कुंपणाला गाडी टेकवली. भिंत पडली. आम्ही दोघे आणि गालिचा सुखरूप. म्हणजे गालिचा तसा नाही.

आता गंमत ऐक. महापौरांनी फिर्याद दिली आहे की मी त्यांचं अपहरण केलं. अपहरण! आणि नव्या कायद्यात असं आहे की सोळा पूर्ण झालेल्याने गंभीर गुन्हा केला, तर बालमंडळ ठरवतं, हिला मुलांसारखं वागवायचं की मोठ्यांसारखं. महापौरांनी लेखी मागणी केली आहे की मला मोठ्या कोर्टातच पाठवावं. म्हणजे मी कदाचित तुझ्या कोर्टात येईन!

इथे मंडळासमोर सगळे मला 'बाळ' म्हणतात. परवा एका वकिलांनी गोळी दिली, लिंबाची. आमच्या वकिलीणबाई सांगत होत्या, मोठ्या कोर्टात आरोपीला 'आपण' म्हणतात. 'आपल्याला गुन्हा कबूल आहे का?' मावशी, मला आजवर कुणीही, अगदी कुणीही, 'आपण' म्हटलेलं नाही. बसचा कंडक्टरसुद्धा 'ए, सरक' म्हणतो.

तिथे काय घालून यावं? साडी चालेल ना?

तुझी नम्र,
आरोपी

(मजकूर वाचला. आरोपीने सूपाबद्दल लिहिलेलं वाक्य खोडलं आहे, कारण ते एकतर्फी होतं. — अधीक्षक)

•

१८ फेब्रुवारी

टिंगू,

साडी! डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

ओरडत नाही. अधीक्षकबाईंना माझा नमस्कार. बाई, कानात बोटं घाला, पुढचं वाचू नका.

टिंगू, ओरडतेच आहे! मोठं कोर्ट म्हणजे लग्नाचा हॉल आहे का, की तिथे मिरवायला यायचं? तुला 'आपण' म्हणून घ्यायचं असेल तर मी म्हणते. आपण मूर्ख आहात. आपण गाढव आहात. आपल्या आईने चार दिवस चूल पेटवलेली नाही. झालं समाधान?

आता नीट ऐक. मंडळ तुझी मानसतज्ज्ञांकडून तपासणी करवून घेईल. तुला किती समज आहे, परिणाम कळत होते का, हे पाहतील. खोटं बोल असं मी म्हणणार नाही, माझ्या नोकरीत ते शोभत नाही आणि तुला ते जमतही नाही, मांजरांच्या गजांवरून कळलंच. पण बाई गं, विचारलं तेवढंच सांग. हुशारी दाखव म्हणून कुणी तुझ्या मागे काठी घेऊन उभं नाही. उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हण. येत असेल तरी एखाद वेळी म्हण.

आणि त्या वकिलांनी पुन्हा गोळी दिली तर घे. मुकाट्याने चोख. आवाज करून चोख.

तुझी मावशी

(मावशींनी पाल्याला असा सल्ला देऊ नये. कानात बोटं घालून पत्र वाचता येतं, हेही लक्षात घ्यावं. — अधीक्षक)

•

२७ फेब्रुवारी

मावशी,

पेढे वाट! म्हणजे जे काय वाटायचं ते वाट. तपासणीत मी पहिली आले. म्हणजे तपासणी माझी एकटीचीच होती, तरी.

मानसतज्ज्ञबाई फार गोड आहेत. त्यांनी एक चित्र दाखवलं. मुलगा दगडाने खिडकी फोडतोय. म्हणाल्या, "पुढे काय होईल?" तुझं ऐकून मी 'येत नाही' म्हणणार होते, अगदी ओठावर आलं होतं. पण इतका सोपा प्रश्न सोडवत नाही गं! मी म्हटलं, "आधी काच फुटेल, मग मुलगा पळेल, मग त्याच्या भावाला मार बसेल, कारण भाऊ पळणार नाही, आणि शेवटी काचवाल्याचा फायदा होईल." बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मग विचारलं, किल्ली फिरवल्यावर गाडी चालेल हे कळत होतं का. म्हटलं, न चालणारी गाडी महापालिकेने घेतली असती तर तो घोटाळा झाला असता. मग मी त्यांना ब्रश, फवारा, पंखा सगळं कागदावर काढून दाखवलं. बाण काढले. त्यांनी तो कागद जोडून घेतला.

शेवटी विचारलं, "गाडी चालली होती तेव्हा महापौर आणि तू काय बोललात?" ते मात्र मी सांगितलं नाही. भिंतीला टेकल्यावर महापौर म्हणाले होते, "हे कुणाला सांगू नकोस," आणि मी "नाही सांगणार" म्हटलं होतं. त्यांनी नंतर माझ्यावर फिर्याद केली, ते त्यांचं त्यांच्याजवळ. मी शब्द दिलाय. तुलाही सांगणार नाही, तेव्हा विचारू नकोस.

बाईंनी लिहिलं, 'दिलेला शब्द पाळण्याची जाणीव आहे. समज पूर्णपणे प्रौढ व्यक्तीची.' पूर्णपणे! सरकारी वकील इतके खूश झाले की त्यांनी माझ्याशी हात मिळवला. आमच्या वकिलीणबाई मात्र डोकं धरून बसल्या होत्या. त्यांना अर्धशिशीचा त्रास असावा.

आता मोठ्या कोर्टाचं नक्कीच. जागा धरून ठेव.

तुझी,
पूर्णपणे प्रौढ टिंगू

•

३ मार्च

टिंगू,

आज ओरडणार नाही. आज हसवणारही नाही, तेव्हा हे पत्र एकटीने वाच. इतर मुलींना वाचून दाखवू नकोस.

माझं टेबल न्यायाधीशांच्या खाली, आरोपीच्या पिंजऱ्यासमोर आहे. मी मान वर केली की मला आरोपीच दिसतो. गेल्या वर्षी तुझ्या वयाचा एक मुलगा तिथे आला होता. मारामारीत सापडलेला. त्यालाही बालमंडळाने इकडे पाठवलं होतं. मुलगा ठेंगणा होता. पिंजऱ्याचा कठडा मोठ्या माणसांच्या मापाचा, त्याच्या हनुवटीला लागायचा. साक्षीदार दिसावा म्हणून तो टाचा उचलून उभा राहायचा आणि दमला की खाली बसायचा. मग शिपाई म्हणायचा, "उठा." होय, त्याला 'उठा'च म्हणायचे. 'आपण'ही म्हणायचे. तुला ते ऐकायची हौस आहे म्हणून सांगते.

खटला चालायचा आणि तो पंख्याकडे बघत बसायचा. वकील काय बोलतात, कलम कुठलं, त्याच्या बाजूचं कोण, विरुद्ध कोण, त्याला काही कळत नव्हतं. एकदा सरकारी वकिलांनी विनोद केला, सगळे हसले, तर हाही हसला. विनोद त्याच्यावरच होता.

निकाल लागला. न्यायाधीशांनी मोठ्यांच्या तुरुंगातली शिक्षा वाचली आणि विचारलं, "आपल्याला काही सांगायचं आहे?" तो म्हणाला, "माझी सायकल शाळेत राहिलीय. ती कोण आणणार?"

मी ते टाइप केलं. बोललेलं सगळं टाइप करायचं, हेच माझं काम.

या जानेवारीत तो अपिलाच्या कामाला पुन्हा आला. मी ओळखलं नाही. मिशी आली होती. शिपाई बाजूने गेला की तो आपोआप भिंतीकडे तोंड करून उभा राहत होता. कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला पाणी दिलं तर आधी त्याने शिपायाकडे पाहिलं, घेऊ का म्हणून.

मोठं कोर्ट वाईट नाही, टिंगू. तिथली माणसंही वाईट नाहीत. पण तिथली प्रत्येक गोष्ट मोठ्यांसाठी बनवलेली आहे आणि तिथे गेलेलं मूल काही त्यामुळे मोठं होत नाही.

तुझा खटला आमच्याकडे आला तर मला त्या खोलीत बसतासुद्धा येणार नाही. नात्यातल्या माणसाच्या कामात टाइपिस्ट बदलतात. तू मान वर करून शोधशील आणि त्या टेबलावर दुसरंच कुणीतरी असेल.

तुझी मावशी

•

१५ मार्च

मावशीबाई,

नियमाप्रमाणे मी पत्रं वाचते, लिहीत नाही. हा अपवाद समजावा.

आपलं पत्र मिळाल्यापासून आपली भाची गप्प आहे. आधी ती दिवसभर बोलायची. मुलींना झाडूगाडीच्या आकृत्या काढून शिकवायची, सूपाला नावं ठेवायची, मला 'अहो अधीक्षक' अशी हाक मारायची. आता सूप मुकाट्याने पिते. ते पाहवत नाही.

परवा मला विचारत होती, "मला समज नाही असं आता सांगितलं तर चालेल का?" मी म्हटलं, नाही, तपासणी झाली आहे. मग म्हणाली, "मग महापौर काय बोलले ते सांगितलं तर?" मी म्हटलं, ते तुझ्यावर आहे. तर म्हणाली, "नाही सांगता येणार. शब्द दिलाय."

माझ्या नोकरीत मी अशी मुलं फार पाहिलेली नाहीत.

मंडळाची सुनावणी महिनाअखेरीला आहे. तोवर कृपया तिला काहीतरी पाचकळ लिहून पाठवा. आपल्याला ते चांगलं जमतं.

— अधीक्षक

ता.क. सूप मी स्वतः चाखलं. थोडं पातळ आहे खरं.

•

१९ मार्च

टिंगू,

अधीक्षकबाईंनी पाचकळ लिहायची ऑर्डर दिली आहे आणि देवाच्या दयेने मालही आयता मिळाला. काल दुपारी आमच्या कोर्टात कोण आलं असेल?

जेवणाची सुट्टी होती. मी डबा उघडून बसले होते. कोर्ट रिकामं. दार हळूच ढकलून एक गृहस्थ आत आले. गोल चेहरा, कोट, कोटावर बिल्ला. आधी न्यायाधीशांच्या खोलीचं दार उघडायला गेले आणि फायलींचं कपाट उघडून बसले. मी मनात म्हटलं, दारं न सापडणारा माणूस हाच.

तुमचे महापौर!

"मी जरा जागा पाहायला आलोय," म्हणाले. "इथे माझी साक्ष होण्याची शक्यता आहे. साक्षीदार कुठे उभा राहतो?"

मी दाखवलं. ते उभे राहून पाहू लागले. कोट सारखा केला. मग मला म्हणाले, "तुम्ही इथे काय करता?"

"टाइप."

"काय टाइप करता?"

"साक्षीदार बोलतो ते."

"सारांश?"

"शब्दन् शब्द."

"म्हणजे... कुणी चुकून काही बोलला तर?"

"चुकीसकट टाइप होतं."

त्यांनी रुमाल काढला. "आणि हे बाक कुणाचे?"

"मागचे लोकांचे. कुणीही येऊन बसतं. हा पुढचा वर्तमानपत्रवाल्यांचा."

"पण माझ्या खटल्याला कोण येणार?"

"महापौरांचं अपहरण झाडूगाडीतून? साहेब, खुर्च्या बाहेरून आणाव्या लागतील."

ते तिथेच पायरीवर टेकले. मी माणुसकी म्हणून डब्यातलं अर्धं सँडविच दिलं. ते हातात धरून म्हणाले, "समजा, मुलीच्या वकिलाने विचारलं, की गाडीत बसल्यावर तुम्ही काय बोललात. तर सांगावंच लागतं?"

"शपथ घेतलेली असते ना."

"सगळं?"

"ओरडला असाल तर ओरडलात असं. रडला असाल तर रडलात असं. कंसात."

"कंसात!" ते इतकं हळू म्हणाले की मला वाईट वाटलं. मग बराच वेळ त्यांनी पंख्याकडे पाहिलं. शेवटी विचारलं, "आणि बालमंडळात?"

"तिथे दार बंद असतं. बाहेरचं कुणी नाही, वर्तमानपत्र नाही. कागदही कुणाला दाखवत नाहीत. मुलांचं काम असतं ना, म्हणून."

"असं असतं होय?" ते उठले. "हे मला आमच्या वकिलांनी सांगितलंच नाही." दाराशी जाऊन परत वळले. "तुम्ही फार चांगली माहिती दिलीत. साक्षीच्या दिवशी तुम्हीच असाल ना इथे?"

म्हटलं, "नाही साहेब. मी त्या मुलीची मावशी. त्या दिवशी दुसरी बाई असेल. तिचा वेग माझ्याहून जास्त आहे."

बिचारे जे गेले, ते पुन्हा कपाटातच शिरले.

टिंगू, मी त्यांना काही सुचवलं नाही, काही मागितलं नाही. विचारलं तेवढंच सांगितलं. हे असं करतात बघ. आता पोटभर जेव.

तुझी मावशी

•

२ एप्रिल

मावशी,

मी घरून लिहिते आहे. टेबलाच्या एका बाजूला आईचं शिवणयंत्र खडखडतंय, त्यामुळे अक्षर हलतं.

तुला फोनवर आईने 'सुटली, सुटली' एवढंच सांगितलं आणि रडत बसली, म्हणून नीट सांगते.

त्या दिवशी मंडळाच्या खोलीत मी काही बोलणार नव्हते. अध्यक्षबाईंनी तज्ज्ञबाईंचा कागद उचलला, 'पूर्णपणे प्रौढ' असं मोठ्याने वाचलं, आणि मावशी, मला त्या वाक्याची इतकी भीती वाटली की मी टेबलाखाली अधीक्षकबाईंचा पदर धरला. त्यांनी सोडवला नाही.

मग महापौर उठले. म्हणाले, "दार बंद आहे ना?" शिपायाने दार लावलं. "कडी?" कडीही लावली. "मग सांगतो," म्हणाले.

आणि त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं! गाडी सुटल्यावर त्यांनी डोळे मिटून माझा हात घट्ट धरला होता. लहानपणापासून त्यांना चालत्या गाडीत पुढे बसायची भीती वाटते, म्हणून ते नेहमी मागे बसतात. भीती वाटली की ते पाढे म्हणतात. तर ते झाडूगाडीत पाढे म्हणत होते. मोठ्याने. सतराच्या पाढ्यात अडकले आणि त्यांना रडू आलं. "सतरा सत्ते... सतरा सत्ते..." तर मी सांगितलं, एकशे एकोणीस. मग आम्ही दोघांनी मिळून एकोणतीसपर्यंत म्हटले आणि तेवढ्यात भिंत आली.

खोलीत कुणी हसलं नाही. तज्ज्ञबाईंना खोकला आला, पण तो बराच वेळ आला.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "म्हणजे हिने तुम्हाला पळवून नेलं नाही?"

महापौर म्हणाले, "ती मला दोनदा म्हणाली, गाडी हळू आहे, उतरा तुम्ही. मीच उतरलो नाही. उडी मारायची भीती वाटत होती. मी रागाच्या भरात अपहरण लिहून दिलं. खरं तर लोकांसमोर मान खाली गेली म्हणून लिहून दिलं. लेकरू आहे हो ते. त्याला तिकडे पाठवू नका."

मला विचारलं, गाडी का सुरू केलीस. मी खरं सांगितलं. मुद्दामच केली. त्यांनी बाळ म्हटलं म्हणून. त्याचा पुढे असा गोंधळ होईल हे मला कळायला हवं होतं, पण तेव्हा मी पुढचं काही पाहिलंच नव्हतं, नुसता राग पाहिला होता. तज्ज्ञबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "हे तू मला त्या दिवशी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही खिडकीचं विचारलंत."

अपहरण काढून टाकलं. काम मंडळातच राहिलं. गाडी विनापरवाना चालवली आणि भिंत पाडली, त्याबद्दल मला वर्षभर दर रविवारी महापालिकेच्या बागेत काम करायचं आहे आणि उपमहापौरांची माफी मागायची आहे. बाबा सोमवारपासून कामावर. बाहेर आल्यावर मी महापौरांना विचारलं, पाढ्यांचं मावशीला सांगू का. ते म्हणाले, "सांग. पण त्यांना म्हणावं, टाइप करू नका."

तर असं आहे. खरं म्हणजे मला एवढंच लिहायचं होतं, पण अजून एक गोष्ट आहे. ती आईला सांगितलेली नाही.

मला न्यायला बाबा आले होते, सायकलवर. तुला माहीत आहे, ते या सगळ्यात माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. भेटायला यायचे, पिशवी द्यायचे, बूट बघत बसायचे. मला वाटायचं रागावले आहेत. माझी ट्रंक पुढे बांधली आणि म्हणाले, "बस मागे." माझे पाय जमिनीला लागत होते. ते गुडघ्यात दुमडून धरले.

पुलाचा चढ आला तसे ते पॅडल मारता मारता बोलायला लागले. माझ्याशी नाही, असेच, समोर बघत. म्हणाले, "तुला तिकडे पाठवलं असतं तर मी काय करणार होतो? मला तर काहीच येत नाही. मला फक्त गाडी चालवता येते." आणि मग त्यांची पाठ हलायला लागली. त्यांनी पॅडल थांबवलं नाही, पण सायकल इकडून तिकडे जात होती. आपल्याला कुणी रडताना पाहिलेलं बाबांना चालत नाही, आजी गेली तेव्हाही ते अंगणात जाऊन तोंड धुऊन आले होते.

मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं, डोळे मिटले आणि जोरात घोरायला लागले. म्हणजे मी झोपले आहे असं त्यांना वाटेल आणि त्यांना नीट रडता येईल.

घर येईपर्यंत घोरले, मावशी. घसा अजून दुखतोय.

टिंगू